डाव्या बाजूची नाडी

रेशमाचे कोश सोड्याच्या पाण्यात उकळायला ठेवले की प्रयोगशाळाभर ओल्या लोकरीसारखा वास पसरायचा आणि तो हेमलता गुप्तेच्या कपड्यांना थेट घरापर्यंत चिकटून यायचा. फरीदाबादच्या त्या सरकारी संस्थेत तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. दारावरच्या पाटीवर नाव बरोबर होतं, तरी अर्धी इमारत तिला ‘गुप्ता मॅडम’ म्हणायची. दिल्लीत लहानाचे मोठे झालेल्या गुप्त्यांना त्याचं काही वाटत नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं. उकळून चिकटपणा काढलेलं रेशीम विरघळवायचं, ते सुईतून अगदी सावकाश सोडायचं आणि सुईला विजेचा जबरदस्त दाब द्यायचा. मग थेंब खाली पडतच नाही. त्याचा डोळ्याला न दिसणारा तंतू होतो आणि समोर फिरणाऱ्या सळईवर जाऊन गुंडाळला जातो. इंडिया गेटवरच्या बुढ्ढी के बालच्या यंत्रासारखंच, फक्त फार हळू. दुपारपर्यंत सळईवर पांढरी, मऊ, पेन्सिलीहून बारीक नळी तयार व्हायची. माणसाची एखादी रक्तवाहिनी निकामी झाली तर तिच्या जागी ही बसवायची, असा सगळा उद्योग. जाड नळ्या बाजारात मिळतात आणि चालतातही. बारीक नळीत मात्र रक्त गोठतं. हेमलताच्या आजवरच्या सगळ्या नळ्या मेंढ्यांच्या मानेत महिन्याभराच्या आत बंद पडल्या होत्या.

घाई संस्थेला नव्हती, घाई घरी होती. तिची आई चंद्रप्रभा उद्योग भवनातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाली आणि पाठोपाठ तिच्या किडन्या गेल्या. वडील आधीच गेले होते. फरीदाबादच्याच एका सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये मायलेकी दोघीच राहत. डायलिसिससाठी हातात एक भक्कम वाहिनी लागते, जिच्यात पुन्हापुन्हा जाड सुया टोचता येतील. आईच्या दोन्ही हातांतल्या शिरा धमन्यांना जोडून जोडून संपल्या होत्या. आता तिच्या मानेत प्लास्टिकची नळी होती आणि तिथे सारखं इन्फेक्शन व्हायचं. पुढचं इन्फेक्शन कदाचित झेपणार नाही, असं डॉक्टरांनी आईच्या तोंडावरच सांगितलं होतं. त्यावर आई फक्त “नोटेड” म्हणाली होती.

नवरात्राच्या आधी केलेल्या एका खेपेच्या नळ्या मात्र बंद पडल्या नाहीत.

तीनच नळ्या होत्या त्या. कोश नेहमीचे, मालद्याहून आलेले. द्रावण तेच, विजेचा दाब तोच, सळई तीच. दोन नळ्या दोन मेंढ्यांच्या मानेत डाव्या बाजूला बसवल्या, तिसरी शिल्लक राहिली. महिना उलटला, दुसराही सरत आला, तरी रक्त खळखळून वाहत होतं. हेमलताने तेच सगळं पुन्हा करून नवी खेप काढली. ती आठवड्यात गोठली. आणखी एक काढली, तीही गोठली. त्या तीन नळ्यांत वेगळं काय होतं ते तिला सूक्ष्मदर्शकाखालीही सापडलं नाही.

मेंढ्या होत्या मानेसरच्या पलीकडे. मोटारींच्या कारखान्यांच्या बसगाड्या मागे टाकून डावीकडे वळलं की सरसोंची शेतं लागायची, आणि शेतांच्या टोकाला, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकडीखाली, पत्र्याची लांबट शेड. शस्त्रक्रिया कर्नल श्यामकांत बिवलकर करायचे. सैन्यातून निवृत्त झालेला, बोलायला मोजका, हाताला अतिशय स्थिर असा सर्जन. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी धुरक्याने टेकडी दिसत नव्हती. शेडमध्ये लेंड्यांचा आणि फिनाइलचा वास कोंडला होता.

“हात ऊब येईपर्यंत चोळा आणि इकडे या,” बिवलकर म्हणाले. “मी काही सांगत नाही. तुम्ही बघा.”

कानात पिवळा बिल्ला असलेली मेंढी शांत उभी होती. हेमलताने तिच्या मानेला दोन्ही बाजूंनी बोटं लावली. लोकरीखाली कातडी गरम होती. उजवीकडे नाडी लागली, मेंढीची असते तशी, भरभर उडणारी. डावीकडेही लागली.

तिने बोटं काढली, पुन्हा लावली.

डावीकडची नाडी संथ होती. ती उजवीच्या मागे पडत नव्हती, पुढेही जात नव्हती, तिचा उजवीशी संबंधच नव्हता. धाप लागलेल्या माणसाशेजारी दुसरं कुणी स्वस्थ बसलेलं असावं, तशी ती चालली होती.

“नळीची भिंत ताणत असेल, सर. लाट उशिरा पोचत असेल.”

“उशिरा पोचली तर मागे पडेल. ठोके कमी कसे होतील?”

त्यांनी रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉपलर लावला. पडद्यावर दोन्ही बाजूंचे आलेख एकाला एक जुळलेले, भरभर चाललेले. हेमलताने पडद्यावर नजर ठेवून डावीकडे बोटं टेकवली. पडद्यावर एक चाललं होतं, बोटांखाली दुसरं. यंत्र बदललं, तारा बदलल्या. यंत्रं सगळी एकच सांगत होती, की मेंढीला काहीही झालेलं नाही.

“दुसरीचंही असंच आहे का?”

“तेच बघायला तुम्हाला बोलावलं.” बिवलकरांनी खिशातून दोन पेन्सिली काढल्या. “मी पलीकडे जातो. डोळे मिटा. डाव्या बाजूचा ठोका लागला की पेन्सिल कप्प्याच्या गजावर आपटायची. माझ्याकडे लक्ष द्यायचं नाही.”

दुसरी, निळ्या बिल्ल्याची मेंढी विटांच्या भिंतीपलीकडे होती. दोन्ही कप्प्यांमधून एकमेकांचं काही दिसत नव्हतं. हेमलताने डोळे मिटले. ठोका लागला, तिने पेन्सिल आपटली. टक्. भिंतीपलीकडून त्याच क्षणी, टक्. तिला वाटलं, ते आपलं ऐकून वाजवताहेत. पण ऐकून वाजवलं असतं तर आवाज किंचित मागून आला असता. तो मागून येत नव्हता. एकाच पेन्सिलीचा असावा तसा आवाज शेडभर घुमत राहिला. मग बोटांखालचा ठोका मध्येच अडखळला, थोडा थांबला. तिची पेन्सिल हवेत राहिली.

पलीकडेही शांतता होती.

बिवलकर भिंतीच्या कडेने आले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. फक्त पेन्सिल खिशात ठेवताना ती दोनदा खाली पडली.

“हे रिपोर्टमध्ये काय लिहायचं, सर?”

“काय लिहिणार? दोन शहाण्या माणसांच्या बोटांना असं वाटलं, म्हणून?”

डिसेंबर लागता लागता आईला पुन्हा थंडी वाजून ताप भरला. मानेतली नळी काढावी लागली. मांडीत तात्पुरती घातली, तीही नीट चालेना. हॉस्पिटलमध्ये बिवलकरांनी इतर डॉक्टरांशी बोलून घेतलं, विशेष परवानगीचा अर्ज गेला. हॉस्पिटलच्या कमिटीने हेमलताला निर्णयापासून पूर्ण बाजूला ठेवलं, आणि ते योग्यच होतं. त्यांच्यासमोर कागद होते, आणि कागद उत्तम होते. मेंढ्या ठणठणीत, आलेख स्वच्छ, नळी उघडी. बारीक रेशमी नळीचा असा निकाल कुणी पाहिला नव्हता. मंजुरी आली.

हेमलता बिवलकरांना हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गाठून म्हणाली, “सर, आपण दोघंही काही बोललो नाही.”

“बोला ना. मी अडवलेलं नाही.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “मीही रोज ठरवतो. मग तुमच्या आईचे रिपोर्ट बघतो. नळी नाही बसवली तर काय होणार, ते मला पक्कं माहीत आहे. बसवली तर काय होईल, ते माहीत नाही. तुम्ही मला सांगा, यातलं काय निवडू?”

तिने शेवटी आईलाच सांगितलं. सगळं. मेंढ्या, पेन्सिली, मध्येच थांबलेला ठोका. आई उशीला टेकून ऐकत होती. ओठ कोरडे पडलेले, पण नजर ऑफिसात फायली तपासायची तशीच.

“हे ऑन रेकॉर्ड आहे?”

“नाही, आई. कुठल्याच यंत्रात येत नाही.”

“मेंढ्यांना त्रास?”

“काहीच नाही. छान खातात.”

“मग पुढे चला.” आईने डोळे मिटले. “हेमा, मला अजून जगायचंय गं. लोकांना वाटतं, या वयात माणूस तयार असतो. मी बिल्कुल तयार नाहीये.”

तिसरी नळी आईच्या डाव्या हातात, कोपराच्या खाली बसवली. शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. जखम इतकी लवकर भरली की ड्रेसिंग करणारी मल्याळी सिस्टर दोनदा तारीख बघून गेली. सुया टोचायला सुरुवात झाली आणि पहिल्यांदाच डायलिसिस एकदाही अलार्म न वाजता पार पडलं. आईच्या चेहऱ्यावरची राखेसारखी छटा गेली. ती पायऱ्या चढायला लागली, रविवारच्या बाजारातून स्वतः मटार निवडून आणायला लागली, मटारउसळ करून शेजारच्या चावला आंटींना देऊन आली. फोनवर पुण्याच्या मावशीला ऐकवू लागली, “माझ्या हेमाने केलंय. रेशमाचं आहे, प्योर सिल्क.”

अशा रुग्णाला रोज नळीवर हात ठेवून आतली सळसळ चालू आहे ना, ते बघायला शिकवतात. आई ते नेमाने करायची. सकाळी चहाआधी, पदर बाजूला करून, उजव्या हाताची बोटं डाव्यावर ठेवून. हेमलता त्या वेळी उठून स्वयंपाकघरात जायची. काहीतरी कारण काढायची, कधी दूध, कधी गॅस. तिने त्या हाताला बोट लावलं नव्हतं.

एकदा आईने तिला दारातच थांबवलं. “ये. किती दिवस टाळशील?”

हेमलताने एका हाताने आईचं उजवं मनगट धरलं, दुसऱ्या हाताची बोटं नळीवर ठेवली. उजवीकडे आईची नाडी, जराशी भरभर, म्हाताऱ्या माणसाची. डावीकडे ते. संथ. ओळखीचं.

“तुला कधीपासून कळतंय, आई?”

“शुद्धीवर आले तेव्हापासून.” आई तिच्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. “पहिल्यांदा भीती वाटली. आता नाही वाटत. घरात कुणी बसलेलं असलं की कसं असतं, तसं.”

जानेवारीत पिवळ्या बिल्ल्याच्या मेंढीची मुदत संपली. मेंढीला वेदना न होऊ देता मारायचं, नळी बाहेर काढायची आणि तपासायची, हे आधीपासून ठरलेलं होतं. हेमलता त्या दिवशी गेली नाही. सकाळची उन्हं गॅलरीत आली होती, आई पाटावर बसून मेथी निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

“एक गेलं,” आई म्हणाली.

“काय?”

“काही नाही.” तिने मेथीची काडी खाली ठेवली. नंतर बराच वेळ ती उचललीच नाही.

थोड्याच वेळात बिवलकरांचा फोन आला. त्यांच्या मागे पत्र्यावर कबुतरं चालल्याचा आवाज येत होता.

“हृदय बंद पडलं. मी स्वतः छाती उघडून बघितलं. मान धरून उभा होतो, हेमलता. ते चालू होतं. रक्त थांबलेलं, आणि ते चालू होतं. नळी कापली तेव्हा थांबलं.”

“नळीत काय दिसलं?”

“रेशीम. स्वच्छ, आतून छान अस्तर आलेलं. पुस्तकात छापावं असं.”

निळ्या बिल्ल्याच्या मेंढीची पाळी पुढच्या आठवड्यात होती. हेमलताने या वेळी आईला काही सांगितलं नाही. ती दुपारी आईजवळ जाऊन बसली आणि सहज धरल्यासारखा तिचा डावा हात हातात घेतला. टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. बोटांखाली तो संथ ठोका.

मग तो थांबला.

आईने मान वळवली.

ठोका परत सुरू झाला, पण आता तो संथ नव्हता. कुणी झोपेतून दचकून उठावं, उठून चालू लागावं, चालता चालता पळू लागावं, तसा तो वाढत गेला. नळीवरची कातडी डोळ्यांना दिसेल इतकी उडायला लागली.

“हेमा,” आई म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “काय करताय तुम्ही तिकडे?”

हेमलताने एका हाताने फोन लावला. दुसरा हात तिला सोडवेना.

“सर, थांबा. आत्ता. काय केलंत ते थांबवा.”

“मी काहीच केलेलं नाही,” बिवलकर म्हणाले. “मेंढी अजून कप्प्यात आहे. मी इकडे खोलीत आहे. नुसतं इंजेक्शन भरतोय.”

“ते खाली ठेवा.”

“हेमलता...”

“ठेवा, सर. प्लीज.”

स्टीलच्या ट्रेवर सिरिंज ठेवल्याचा बारीक आवाज फोनमधून आला.

पळणारं ते हळू झालं. चालू लागलं. मग बसलं.

आईने डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

निळ्या बिल्ल्याच्या मेंढीला मारलं नाही. दीर्घकालीन निरीक्षणासाठी राखून ठेवली, असं बिवलकरांनी कळवलं, आणि ते कुणाला खटकलं नाही. कमिटी खूश होती. मुंबईहून, बंगळुरूहून फोन येत होते, हीच नळी पुन्हा कधी मिळेल म्हणून. हेमलता सांगायची, खेप जमत नाही. ते खरंच होतं. तिने नंतर कितीही नळ्या केल्या तरी त्या साध्याच निघाल्या, गोठणाऱ्या, मुक्या. तिला त्याचं बरं वाटायचं. नंतर नंतर तिने सळई फिरवणंच सोडून दिलं.

आईची तब्येत सुधारतच गेली. फेब्रुवारीत हवा स्वच्छ झाली. डायलिसिस सेंटरमध्ये हृदयाचा आलेख काढला, डॉक्टर म्हणाले, “माताजी, रिपोर्ट एकदम बढ़िया.” त्या दिवशी गाडीत आई मागच्या सीटवर टेकून पेंगत होती. बदरपूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बराच वेळ अडकली, तेव्हा हेमलताने मागे हात नेऊन आईचं उजवं मनगट आणि मग डाव्या हातातली नळी चाचपली.

दोन्हीकडे नाडी एक होती.

इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा मोकळा श्वास घेत होती. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, तिने हात काढून गिअर टाकला, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत पोचता पोचता तिच्या लक्षात आलं. दोन्हीकडे जे चाललं होतं ते संथ होतं. आईची ती जराशी भरभर नाडी कुठेच नव्हती.

तिने घरी जाऊन बिवलकरांना फोन केला.

“मेंढीची उजवी बाजू बघितलीत एवढ्यात?”

“परवापासून तीही तशीच संथ,” ते म्हणाले. मग विचारलं, “तुमच्या आई कशा आहेत?”

“छान आहे,” हेमलता म्हणाली. दुसरं काय सांगणार होती? आई खरंच छान होती. जेवत होती, हसत होती, मावशीशी वाद घालत होती. सगळ्या आठवणी शाबूत होत्या. उद्योग भवनातल्या साहेबांच्या नकला ती पूर्वीपेक्षाही हुबेहूब करायची.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोघी गॅलरीतल्या उन्हात गादी टाकून आडव्या झाल्या. खाली कुठेतरी भाजीवाला ओरडत लांब गेला. हेमलता भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडली होती. तिला झोप आली नव्हती. पाठीमागे आईच्या बांगड्या किणकिणल्या, गादी थोडी दबली. आईने डावा हात तोंडाजवळ नेला असावा.

“थांब जरा,” आई अगदी हळू आवाजात कुणालातरी म्हणाली. “हिचा डोळा लागू दे.”